टाइमआउट : कालबाह्य, कालमर्यादा की मुदत?

विचारणा
लिनक्सवरचं पेसमेकर क्लस्टर (एक मशीन बिघडलं तरी काम दुसऱ्यावर चालू ठेवणारा मशीनचा गट) सांभाळायला नव्याने आलेल्या मुलांसाठी मराठीत छोटी पुस्तिका लिहितोय. 'टाइमआउट'ला, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची वेळ संपण्याला, सगळीकडे 'कालबाह्य' दिसतं. ॲप्लिकेशन चालू आहे का हे बघणाऱ्या तपासणीला पेसमेकर 'मॉनिटर' म्हणतो. 'मॉनिटर कालबाह्य झाला' असं लिहिलं तर कुणाला काय कळणार? आणि 'हेल्थ चेक'ला 'आरोग्य तपासणी' म्हटलं की शाळेत दात बघायला आलेले डॉक्टर आठवतात. सुचवा काहीतरी.

प्रतिसाद
कालबाह्य नकोच. रूढी कालबाह्य होते, कायदा होतो. २० सेकंदांत उत्तर दिलं नाही म्हणून तपासणारी स्क्रिप्ट कशी होईल? 'कालमर्यादा' लिहा.

प्रतिसाद
कालमर्यादा अर्थाला बरोबर आहे, पण वाक्यात जड जाते. त्यापेक्षा 'मुदत' घ्या. मुदत देता येते, वाढवता येते, ती संपते, उलटते. फक्त 'मुदत भरली' टाळा, ती ठेवीची भरते आणि भरल्यावर पैसे हातात येतात!

खरी काळजी पुढे घ्यायला हवी. पेसमेकरमध्ये सुरू करणं, थांबवणं आणि तपासणं या प्रत्येक कामाला वेगळी मुदत लावता येते. काहीच लिहिलं नाही तर ती २० सेकंद धरली जाते. तपासणीला शिवाय इंटरव्हल असतो, आणि नवी मुलं हमखास या दोन आकड्यांत घोळ घालतात. त्याला 'मध्यांतर' वगैरे म्हणू नका. सरळ लिहा : 'दर ३० सेकंदांनी विचार, उत्तरासाठी २० सेकंद थांब.'

आता मुदत उलटली म्हणजे ॲप्लिकेशन मेलं का? नाही. 'पीसीएस स्टेटस' या आदेशाच्या उत्तरात तळाशी फसलेल्या कामांची यादी येते, ती त्यांना वाचायला शिकवा. तिथे 'नॉट रनिंग' दिसलं तर तपासणीला उत्तर मिळालं आहे : चालू नाही. 'टाइम्ड आउट' दिसलं तर उत्तरच आलेलं नाही. रात्रीच्या बॅकअपने डिस्क दमली असेल, डेटाबेस धडधाकट असेल, नुसती स्क्रिप्ट रांगेत अडकली असेल. क्लस्टर मात्र दोन्ही अपयशच मोजतो आणि डेटाबेस थांबवून पुन्हा सुरू करायला जातो.

आणि इथेच मोठा घात होतो. मोठा डेटाबेस बंद होताना मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवतो, त्याला २० सेकंद कुठले पुरणार? थांबवण्याची मुदत उलटली की, फेन्सिंग (बिघडलेलं मशीन जबरदस्तीने बाजूला काढण्याची सोय) चालू असेल तर, क्लस्टर त्या मशीनचीच वीज तोडतो किंवा ते रीसेट करतो. त्याचंही चूक नाही. इकडे डेटाबेस थांबल्याची खात्री नसताना तिकडे दुसऱ्या मशीनवर सुरू केला, तर दोघं मिळून डेटाची वाट लावतील. म्हणून थांबवण्याची मुदत सढळ हाताने द्या, आणि पुस्तिकेत 'ॲप्लिकेशन पडलं' असं लिहू नका. 'उत्तराची मुदत उलटली' लिहा.

प्रतिसाद
विंडोजच्या क्लस्टरवाल्यांनी ही नावं छान ठेवली आहेत : 'लुक्स अलाइव्ह' आणि 'इज अलाइव्ह'. पहिली वरवरची तपासणी, एरवी दर ५ सेकंदांनी. दुसरी कसून, दर ६० सेकंदांनी. 'वरवर' आणि 'कसून' हे शब्द तुमच्याकडेही चालतील. कंटेनर (ॲप्लिकेशनचे बंदिस्त डबे) चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये प्रश्नच दोन आहेत. 'जिवंत आहे का'ला सलग तीनदा नकार आला की कंटेनर नव्याने सुरू होतो, 'कामाला तयार आहे का'ला आला तर फक्त त्याच्याकडे येणारी गिऱ्हाइकं थांबतात. उत्तराची मुदत मात्र मुळात १ सेकंद! जावाचं ॲप्लिकेशन त्यात हटकून अडकतं.

विचारणा
मुदत पक्की. मग हेल्थ चेकला 'विचारपूस' कसं वाटतं?

प्रतिसाद
विचारपुशीत माया असते हो. उत्तर आलं नाही म्हणून कुणी घराची वीज तोडत नाही. नाम 'हेल्थ चेक'च राहू द्या, सगळे तेच बोलतात. क्रियापद 'तपासणे'.

विचारणा
आणि 'फेल्युअर टाइमआउट'? तीही मुदतच?

प्रतिसाद
मुदतच, पण वेगळ्या पानावर टाका. तिचा उत्तराच्या वाट पाहण्याशी संबंध नाही. जुनं अपयश किती वेळाने विसरायचं, ते ती ठरवते. समजा तीन अपयशांनंतर दुसऱ्या नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) हलवायचं असं 'मायग्रेशन थ्रेशोल्ड'मध्ये ठरवलंय. ही मुदत न दिल्यास ती ० असते, म्हणजे 'लगेच विसर' नव्हे, 'कधीच विसरू नको'. गेल्या महिन्यातली दोन आणि आजचं एक, झाली तीन. मग कुणी हाताने 'क्लीनअप' करेपर्यंत, म्हणजे अपयशांची नोंद पुसेपर्यंत, त्या नोडला ती सर्व्हिस परत मिळत नाही. पुस्तिकेत त्या शून्याखाली रेघ ओढा.