बी.कॉम. नंतर घरून आयटीआर-जीएसटीचं काम: सुरुवात कशी करावी?

नवखा_सांगली:
बी.कॉम. झालंय, टॅली येतं. पगारदार आणि छोट्या दुकानदारांची रिटर्न भरून द्यायचा विचार आहे. परवाना कुठला लागतो? ग्राहकांचे पासवर्ड आपल्याकडे ठेवावेत का? आणि पहिल्या सीझनला नेमकं कुठे चुकतं?

खतावणी:
आयटीआर (आयकर रिटर्न) भरून द्यायला परवाना लागत नाही. टॅक्स ऑडिटवर सही मात्र सीएचीच, तेव्हा पाटीवर तसा भास होईल असं काही लिहू नका. जीएसटीत दुसऱ्याच्या वतीने अधिकृत काम करायचं तर पोर्टलवर पीसीटी-०१ हा अर्ज भरून जीएसटी प्रॅक्टिशनर व्हा. वाणिज्य पदवी चालते. पीसीटी-०२ मध्ये प्रमाणपत्र आलं की व्यापारी आपल्या लॉगिनमधून तुमची नेमणूक करतो.

कामाला वीसपेक्षा कमी माणसं असतील तर शॉप ॲक्टची नुसती ऑनलाइन सूचना पुरते. उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. आणि पीटीईसी, म्हणजे स्वतःच्या व्यवसाय कराची नोंदणी, घ्या: वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनच्या आत. दुसऱ्यांची रिटर्न भरणाऱ्याचाच व्यवसाय कर थकलेला, हे चित्र काही नवं नाही.

पासवर्डपेक्षा मोठी भानगड मोबाइल-ईमेलची. प्रोफाइलमध्ये मुख्य संपर्क ग्राहकाचाच हवा, दुय्यम म्हणून तुमचा चालेल. ओटीपीसाठी दरवेळी फोन नको म्हणून नवखे सगळीकडे आपलाच ईमेल टाकतात. मग कलम १३९(९) ची डिफेक्टिव्ह (रिटर्नमध्ये दोष असल्याची) नोटीस त्या ढिगाऱ्यात पडून राहते, १५ दिवस उलटतात आणि रिटर्न अवैध ठरतं. ई-व्हेरिफिकेशनचंही तसंच. ३० दिवसांनंतर केलं तर त्या दिवशी रिटर्न भरलं असं धरतात. तोवर मुदत टळली असेल तर लेट फी बसते.

जमा_नावे:
मेमध्ये घाई करू नका. चौथ्या तिमाहीच्या टीडीएस विवरणाची मुदतच ३१ मे, त्यामुळे जूनच्या मध्यापर्यंत २६एएस (कापलेल्या कराची नोंद) अर्धवट असतं. फॉर्म १६ (कंपनीने दिलेला पगार-टीडीएसचा दाखला), २६एएस आणि एआयएस (खात्याकडची उत्पन्न-व्यवहारांची यादी) शेजारी-शेजारी ठेवून जुळवल्याशिवाय एकही आकडा भरू नका.

सगळ्यात जास्त फसवणारी केस म्हणजे वर्षात नोकरी बदललेला माणूस. समजा २०२५-२६ मध्ये दोन्ही फॉर्म १६ वर ८-८ लाख पगार आहे, नवी पद्धत. दोन्ही कंपन्यांनी ७५,००० ची प्रमाणित वजावट दिली आणि दोघांनीही कर शून्य दाखवला, कारण १२ लाखांपर्यंत सूट. प्रत्यक्षात १६ लाखांतून ७५,००० एकदाच जातात. उरले १५.२५ लाख. ४ ते ८ वर २०,०००, ८ ते १२ वर ४०,०००, पुढच्या ३.२५ लाखांवर १५ टक्क्यांनी ४८,७५०. एकूण १,०८,७५०, सेस धरून १,१३,१००, वर आगाऊ कर न भरल्याचं २३४बी-सी चं व्याज. हा आकडा ग्राहकाला जूनमध्येच सांगा. मुदतीच्या तोंडावर, ३० जुलैच्या रात्री सांगितलात तर दोष तुमच्याच माथी.

दुसरा खड्डा विमा एजंटांचा. कमिशनच्या उत्पन्नाला ४४एडी (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरायची सोय) चालत नाही, तरी लोक सर्रास त्या सोयीचा फॉर्म, आयटीआर-४, भरून ६ टक्के नफा दाखवतात. तिथे खरा खर्च काढून आयटीआर-३.

आणि रिफंडच्या टक्क्यावर फी कधीच ठरवू नका. त्या वाटेने गेलं की खोट्या ८०सी-एचआरए (गुंतवणूक-घरभाडं) वजावटींची सवय लागते. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने अशाच रिटर्न भरून देणाऱ्यांच्या दीडशेच्या आसपास ठिकाणी तपासणी केली होती. चुकीच्या माहितीवरचा दंड चुकवलेल्या कराच्या २०० टक्के, आणि तो ग्राहकाच्या नावावर निघतो.

नवखा_सांगली:
दोघांचेही आभार. १९६१ चा आयकर कायदा वाचू की नवा? आणि दुकानदारांचं काय बघायचं?

खतावणी:
दोन्ही. २०२५-२६ च्या उत्पन्नाला जुनाच कायदा, १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा. कलमांचे आकडे बदललेत, वर जे सांगितले ते सगळे जुने.

दुकानदाराची आयटीआर-४ मधली उलाढाल जीएसटीशी जुळलीच पाहिजे. ४४एडीत रोख विक्रीवर ८ टक्के, बँक-यूपीआयवर ६, म्हणून दोन्ही वेगळ्या काढा. दुकानाचं खातं आणि घरचं खातं एकच असलं तर यूपीआयच्या यादीत मुलाच्या क्लासची फी आणि गिऱ्हाइकाचे पैसे एकाच रांगेत दिसतात. तासाचे तीन तास होतात, फी सांगताना ते धरा.

जीएसटीत जीएसटीआर-३बी (कर भरायचं रिटर्न) भरलं की सुधारता येत नाही. जुलै २०२५ च्या कालावधीपासून विक्रीवरचा कर जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) मधूनच येतो, हाताने बदलता येत नाही. बिल राहिलं असेल तर ३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए मध्ये घाला. पण टॅलीच्या मास्टरमध्ये भलत्याच पार्टीचा जीएसटीआयएन (जीएसटी क्रमांक) बसला असेल, तर १ए मध्ये तो बदलत नाही, पुढच्या जीएसटीआर-१ मध्येच दुरुस्त होतो. तोवर खऱ्या पार्टीच्या २बी मध्ये (खरेदीवरच्या कराची वजावट दाखवणारी यादी) ते बिल दिसत नाही आणि ती तुमच्या दुकानदाराचं पेमेंट अडवते. म्हणून दर महिन्याच्या ११ तारखेआधी जीएसटीआयएनची यादी पोर्टलवरच्या नावाशी ताडून बघा.