आग लागली तरी माग उरतो
वर एकांनी लिहिलंय की १९२२ साली डब्लिनच्या आगीत जनगणनेचे कागद जळाले, त्यामुळे इथे विचारलेली, सुनेच्या माहेरची पूर्वज असलेली ती आयरिश अनाथ मुलगी आता नोंदींत सापडणं अशक्य. हे मला पटत नाही. आग खरी, पण ही मुलगी १८४९ मध्ये सिडनीला उतरली असेल तर ती बहुधा अर्ल ग्रे योजनेतली. या योजनेत १८४८ ते १८५० या काळात आयर्लंडच्या वर्कहाउसांतून, म्हणजे निराधारांना ठेवायच्या सरकारी आश्रयगृहांतून, चार हजारांहून जास्त मुली सिडनी, मेलबर्न आणि अ‍ॅडलेडला पाठवल्या गेल्या. त्यांचे कागद समुद्राच्या दुसऱ्या काठावर आहेत!

शोध ऑस्ट्रेलियाकडून सुरू करा. सिडनीच्या जहाजयाद्यांत मुलीचं वय, गाव, धर्म, लिहिता-वाचता येतं का, आणि आईवडिलांची नावंही असतात. काही नोंदींत तर आई हयात असल्याचं आणि ती कुठे राहते तेही लिहिलेलं असतं. अनाथ म्हणून पाठवलेल्या पोरीची आई मागे जिवंत होती, हे वाचताना घशात आवंढा येतो.

नाव जुळलं नाही तर लगेच सोडू नका. कारकुनाने कानावर पडेल तसं लिहिलंय, वयही दोन-चार वर्षं इकडेतिकडे होतं. मग तिचा मृत्युदाखला मागवा. न्यू साउथ वेल्समध्ये (सिडनी याच प्रांतात) १८५६ पासून सरकारी नोंदणी आहे आणि त्यात बहुधा जन्मस्थळ नि मुलांची नावं मिळतात. गाव कळलं की त्या भागातल्या वर्कहाउसची इतिवृत्तं पाहा. सगळीकडची टिकलेली नाहीत, पण जिथे आहेत तिथे मुलींच्या रवानगीची चर्चा सापडू शकते.

जहाजाचं नाव ठाऊक असेल तर इथे टाका, यादी मिळून पाहू.