जॅग्वार एक्सजे६ सिरीज ३ आहे का, आणि घेण्याआधी काय तपासायचं?

बार्देशकर:
नमस्कार मंडळी. म्हापशाजवळ एक जॅग्वार एक्सजे६ विकायला आहे. ४.२ लिटर, ऑटोमॅटिक, कागदावर १९८४. तीन पावसाळे पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. मालक सिरीज ३ (या मॉडेलची तिसरी आवृत्ती) म्हणतो, मेकॅनिक सिरीज २ म्हणतो. नक्की कसं ओळखायचं? त्यापेक्षा हिच्यानंतरचं मॉडेल, एक्सजे४०, बघावी का? आणि इथल्या खाऱ्या हवेत तपासणीला सुरुवात कुठून करू?

जुनी_गाडी_फोंडा:
कागदावर जाऊ नका, नोंदणी कधीकधी उशिरा झालेली असते. पुढच्या दाराची काच बघा. काचेच्या पुढे वेगळी तिकोनी काच असेल तर सिरीज १ किंवा २, अखंड काच असेल तर सिरीज ३. शिवाय सिरीज ३ ची दाराची कडी पत्र्याच्या सपाटीत बसते आणि छप्पर मागच्या बाजूला उंचावलेलं असतं. १९७९ सालचा हा बदल पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या हातचा.

एक्सजे६ सप्टेंबर १९६८ ची. जॅग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांच्या देखरेखीखाली घडलेली ही शेवटची सलून, म्हणूनच ती अजून इतकी डौलदार दिसते. १९७२ ला ५.३ लिटर व्ही१२ (बारा सिलिंडरचं इंजिन) आलं, १९७३ ला सिरीज २. एक्सजे४० १९८६ ला आली, पण तिच्या बॉनेटखाली व्ही१२ बसत नव्हतं. त्यामुळे सहा सिलिंडरची सिरीज ३ १९८७ ला बंद झाली तरी व्ही१२ वाली १९९२ पर्यंत बनत राहिली. एक्सजे४० घ्यायचीच असेल तर १९९० नंतरची, ४.० लिटरची बघा. सुरुवातीच्या गाड्यांचा डिजिटल डॅशबोर्ड आणि वायरिंग दमट हवेत फार छळतात.

पत्रा_आणि_रंग:
इंजिन राहू दे, आधी पत्रा. इंजिन पुन्हा बांधता येतं, कुजलेली बॉडी सरळ करायला त्याच्या कितीतरी पट खर्च येतो.

पेट्रोल टाक्या दोन, मागच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड. दोन्ही झाकणं उघडा. झाकणाभोवतीच्या वाटीत एक बारीक भोक आहे, पावसाचं पाणी त्यातून नळीने खाली जातं. पानं-मातीने ते तुंबलं की पाणी वाटीत साचतं, मग टाकीत उतरतं, आणि टाकी आतून गंजते. कपभर पाणी वाटीत ओता. ते गाडीखाली गळलं पाहिजे. नाही गळलं तर टाकी खराब आहे असंच धरून किंमत बोला.

मग पुढच्या काचेचे खालचे कोपरे, रेडिएटरखालची आडवी पट्टी, मागच्या चाकांच्या कमानी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागच्या चाकाला पुढून धरणारा रेडियस आर्म. तो फ्लोअरला ज्या वाटीत बोल्टने बसतो, तिथे स्क्रूड्रायव्हरने दाबून बघा. पत्रा आत गेला तर ती गाडी रस्त्यावर आणण्याजोगी नाही.

सहा_सिलिंडर:
हे जॅग्वारचं सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. दोन धातू एकत्र असल्यामुळे पाण्यात कूलंट (गंजरोधक द्रव) नसेल तर हेड आतून खाल्लं जातं. किनाऱ्यालगत विहिरीचं किंवा बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलेलं असतं, ते सर्वांत घातक. हेड धरणारे लांब बोल्ट, म्हणजे स्टड, पाण्याच्या जागेतून थेट ब्लॉकच्या तळापर्यंत जातात. ते गंजून हेड काढताना तुटतात आणि कामाचा खर्च दुपटीवर जातो. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्याचा रंग बघा. तपकिरी गढूळ असेल तर मागच्या सिलिंडरांभोवती गाळ बसलेला असणार.

इंजिन गरम असताना ३००० आरपीएमला ऑइल प्रेशर ४० पीएसआयच्या आसपास हवं. डॅशबोर्डवरच्या काट्याचा सेंडर (दाब मोजणारा सेन्सर) खोटं सांगतो, म्हणून साधा मेकॅनिकल गेज लावूनच मोजा.

अजून एक. या इंजिनात एक नंबरचा सिलिंडर मागे, केबिनच्या बाजूला असतो. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. नवखा मेकॅनिक पुढून मोजतो, वायरी चुकीच्या लावतो, आणि गाडी मिसफायर करते म्हणून इंजेक्शनला दोष दिला जातो.

बार्देशकर:
तिकोनी काच नाही, म्हणजे सिरीज ३ नक्की. आभार. तीन वर्षं उभी असलेलं इंजिन चालू करून बघायला सांगू का?

सहा_सिलिंडर:
थेट स्टार्टर मारू देऊ नका. सहाही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडा आणि एक रात्र जाऊ द्या. मग पुढच्या क्रँक बोल्टवर पाना लावून हाताने दोन फेरे फिरवा. अडकलं तर जोर करू नका. मोकळं फिरलं तर प्लग बाहेर ठेवूनच स्टार्टर द्या, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत. प्लग त्यानंतर.

जुनं पेट्रोल दोन्ही टाक्यांतून काढा. फिल्टर आणि इंजेक्टरच्या रबरी नळ्या बदलल्याशिवाय पंप चालू करू नका. पंपावर आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, चाळीस वर्षांचं रबर त्यात फुगतं आणि भेगाळतं. गळती गरम इंजिनावर झाली तर आग लागते. नळ्या इंजेक्शनच्या दाबाच्या घ्या, कार्ब्युरेटरच्या नव्हेत.

चालू झाल्यावर एकाच टाकीवर अर्धा तास चालवा आणि दुसरीचा काटा बघा. तो वर सरकत असेल तर परतीच्या पेट्रोलचा व्हॉल्व्ह बंद होत नाही. एरवी टाकी भरून पेट्रोल बाहेर सांडेपर्यंत हे लक्षात येत नाही.

मडगावकर:
ब्रेक कोणी सांगितले नाहीत. मागच्या डिस्क चाकात नसून आत डिफरन्शियलला चिकटून आहेत. डिफरन्शियलचं ऑइल सील गळलं की तेल थेट डिस्कवर जातं. खालून टॉर्च मारून बघा, तिथे ओलं काळं दिसलं तर नुसते पॅड बदलून भागणार नाही. सील आणि डिस्क नीट करायचं तर मागची अख्खी सबफ्रेम (डिफरन्शियल आणि सस्पेन्शन धरणारा सांगाडा) उतरवावी लागते. उतरवलीच तर तिची चार रबरी माउंटिंग त्याच वेळी बदलून घ्या.