ब्रिसल म्हणजे नुसता राठ केस का?

प्रश्न : मंडळी, ब्रिसल (bristle) या इंग्रजी शब्दाला मराठीत एकच शब्द आहे का? टूथब्रशच्या पाकिटावर सॉफ्ट ब्रिसल्स असतात, डुकराचे ब्रिसल्स असतात, आणि आत्ता एका गोष्टीचं भाषांतर करतेय त्यात बाईसाहेब चक्क ब्रिसल होतात, तिथे मी 'तिच्या अंगावर काटा आला' असं लिहिलंय. चालेल ना?

उत्तर : काटा नको हो ताई, त्याने अर्थच फिरतो. आपल्याकडे अंगावर काटा येतो तो भीतीने, थंडीने, नाहीतर एखादी जबरदस्त तान ऐकून. माणूस ब्रिसल होतो तो रागाने, आणि तोही अर्धा गिळलेला राग, म्हणजे कुणीतरी काहीतरी लागेल असं बोललं आणि समोरचा एकदम ताठ झाला, आवाज चढला नाही पण आता हा भांडणार हे दिसतंय. घोळ होण्याचं कारण शरीरातच आहे म्हणा, केसाच्या मुळाशी एक बारीकसा स्नायू असतो, तो आखडला की केस उभा राहतो, आपला काटाही त्यानेच आणि चिडलेल्या कुत्र्याच्या मानेवरचे केस उभे राहतात तेही त्यानेच. इंग्रजीने कुत्रा, रानडुक्कर उचललं, आपण भीती उचलली. 'ती फणकारली' लिहा, किंवा बाई फारच मानी असतील तर 'ती एकदम ताठरली'. तिळपापड वगैरे नको, ते फार पुढचं झालं. मांजराबद्दल असेल तर प्रश्नच नाही, आपलं मांजर शेपूट फेंदारतं, इतका नेमका शब्द असताना 'केस ताठ केले' कशाला लिहायचं.

आता नाम. एकच शब्द मिळणार नाही आणि शोधूही नये असं माझं मत. डुकराचे ते राठ केस. दाढीचे ते खुंट. खराट्याचे ते हीर. गवताचं ते कुसळ, तेच ते दुसऱ्याच्या डोळ्यातलं, आणि कुसळी गवतातून एकदा चालून आलेल्याला ते काय चीज आहे हे सांगायला नको, पायमोजे फेकून द्यावे लागतात. बाजरीच्या काही वाणांच्या कणसावर असेच लांब केस असतात, पाखरांना ते टोचतात म्हणून दाणे जरा वाचतात. राळ्याच्या कणसाचं ते केसाळ शेपूट बघितलंय का, त्या वनस्पतीचं शास्त्रीय नाव सेटारिया, ते सेटा म्हणजे ब्रिसल यावरूनच आलंय.

शास्त्राच्या पुस्तकात दृढरोम असा शब्द आहे, तो गांडुळाच्या धड्यात भेटतो. जड वाटतो पण वस्तू खरी आहे, गांडुळावरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं तर खरखरीत लागतं, ते हेच. पूर्वी कॉलेजात कापायचे त्या आपल्याकडच्या फेरेटिमा गांडुळात एकेका वलयाभोवती दृढरोमांचं आख्खं कडं असतं, विलायती लंब्रिकस गांडुळात मात्र वलयाला चारच जोड्या. बिळात पकड घ्यायला लागतात, म्हणून तर पक्ष्याने ओढलं तरी गांडूळ चट्कन बाहेर येत नाही.

मधेच एक शंका : मग ब्रशला डुकराचेच केस का? आणि उच्चार ब्रिस्टल ना?

उत्तर : उच्चार ब्रिसल, टी मुका, व्हिसल म्हणतो तसा. ब्रिस्टल हे इंग्लंडातलं शहर, त्याचा केसांशी काडीचा संबंध नाही, त्या नावाचा मूळ अर्थ 'पुलाजवळची जागा'.

डुकराचं म्हणाल तर तो केस ताठ आणि लवचीक दोन्ही असतो, दाबला की वाकतो आणि सोडला की परत सरळ. शिवाय मुळाकडे जाड, टोकाकडे निमुळता आणि टोकाला फाटलेला, त्या फाटक्या टोकात रंग धरून राहतो, म्हणून ऑइल पेंट करणारे अजून हॉग हेअरचे ब्रश मागतात. युरोपातले मोची तर मेण लावलेल्या दोऱ्याच्या टोकाला असा एक केस वळून सुईसारखा वापरायचे. टूथब्रशही डुकराच्याच केसांचे असायचे, 1938 साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीचं नायलॉन त्यात आलं आणि घरोघरी दात घासताना तोंडात डुकराचा केस जायचा तो थांबला. शब्द मात्र तोच राहिला. आपण घरी ब्रिसल्स म्हणत नाही, 'ब्रश पिंजारला, नवीन आण' एवढंच म्हणतो, आणि त्यात सगळं येतं.

प्रश्न : आभार, फणकारली करते. अजून एक, पुढे एका वाक्यात किल्ला तोफांनी ब्रिसल करतोय आणि त्याच पानावर एक रिपोर्ट चुकांनी.

उत्तर : इथे केस विसरा, दाटी धरा. तटावर जिकडेतिकडे तोफांची तोंडं रोखलेली. रिपोर्ट चुकांनी बुजबुजलेला. दोन्हीकडे एकच क्रियापद लावायला जाऊ नका, तोफा बुजबुजत नाहीत.

आणखी एकाची भर : आमच्या क्लबात डार्टचा बोर्ड आहे त्याला ब्रिसल बोर्ड म्हणतात, पण त्यात केस एकही नाही, सगळा घायपाताचा वाख दाबून बसवलेला असतो. बाण काढला की भोक आपोआप मिटतं.