गावाचा अभ्यास कधी करायचा, आषाढात की पौषात?

माळावरची
कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आम्ही ‘कृषीकन्या’ म्हणून बीड जिल्ह्यातल्या एका गावात मुक्कामाला होतो. दिवाळी होऊन आठवडा झालेला. ग्रामपंचायतीसमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढला : निळा ओढा, हिरवी शेतं, शाळा, मारुतीचं देऊळ, टाकी. सरपंचांनी नारळ फोडला, फोटो झाले. एक आजी काठी टेकत आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “आन् आमची वस्ती कुठाय?”

ती वस्ती आम्ही पाहिली होती. प्रत्येक दाराला कुलूप, म्हणून पडीक समजून सोडून दिली. माणसं ऊसतोडीला गेली होती.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय : ‘गाव’ हे एकक धरून केलेला अभ्यास, ज्यांचं पोट गावाबाहेर भरतं त्यांना वगळूनच पुढे जातो. २०११ची जनगणना घ्या. मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी, म्हणजे साखर कारखान्यांचा ऊस-गाळप हंगाम भरात असताना. आणि नियम असा की, मोजणीचे सगळे दिवस जो घरी नाही त्याची नोंद घरी होत नाही, तो असेल तिथे व्हायची. फडातल्या, म्हणजे तोड चाललेल्या उसाच्या रानातल्या, कोपीपर्यंत (तोडकऱ्यांच्या झोपडीपर्यंत) मोजणी करणारा प्रगणक नाही पोचला, तर ते कुटुंब कुठेच नाही.

बांधावरचा
ताई, दोष मोजणाऱ्याचा आहे, एककाचा नाही. हॅरॉल्ड मान हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य. त्यांनी १९१७मध्ये पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी जमीनधारणा १७७१मध्ये ४० एकर होती, ती १९१५पर्यंत ७ एकरांवर आली, हे त्यांनी जुन्या नोंदींवरून मांडलं. एकच गाव धरून बसले म्हणून दीडशे वर्षांची तुकडेवारी हाती लागली. शिवाय बाहेरची मजुरी धरून कोणाचं भागतं आणि कोणाचं नाही, असे कुटुंबांचे गटही पाडले. म्हणजे बाहेरची कमाई गावात बसून मोजता येते. आज त्याच पिंपळे सौदागरात उंच इमारती आहेत. तो अभ्यास नसता तर तिथे काय होतं ते कुणाला कळलं असतं?

माळावरची
मान यांच्या कामाबद्दल आदरच आहे. पण ते पुण्याला लागून असलेलं गाव. कामाला गेलेला माणूस दिवेलागणीला घरी येऊ शकत होता, त्याला विचारता येत होतं. इथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, पाच-सहा महिने परमुलखात. तान्हं मूल सोबत, मोठं आजीकडे. त्या घराची माहिती कुणाला विचारणार? आजीलाच ना? आणि पहाटे चारला फडात उतरणारी बाई रात्री किती वाजता आडवी होते, हे आजी कसं सांगणार?

पंचगंगाकाठ
मी ऊस पिकवणाऱ्या बाजूचा. टोळी आमच्या वावरात, कोप्या गावठाणाला लागून. आमच्या गावाचं सर्वेक्षण दोनदा झालं, तेही हंगामात. कोपीत कुणी डोकावलं नाही, “ते बाहेरचे” म्हणाले. तिकडे बाहेरगावी गेलेले, इकडे बाहेरून आलेले. ताईंचं म्हणणं मला पटतं.

फडकरी
माझे आई-वडील वीस हंगाम कोयता घेऊन गेले. मला ताईंचंही पटत नाही. आम्ही गावातून वगळले गेलेलो, हे तुम्ही ठरवलंत. घर गावात, रेशनकार्ड गावात, सोयरीक गावाच्या नावावर, बहिणीचं लग्न मारुतीसमोर. ग्रामपंचायतीच्या मतदानाला फडावरून जीप भरून आणतात, तेव्हा आम्ही बरोबर गावचे असतो. उद्या ‘स्थलांतरित’ म्हणून आमचा वेगळा कप्पा केलात, तर वस्तीच्या रस्त्याचा आणि नळाचा हक्क सांगायचा कुठे? गाव हे एकक सोडू नका. ते सोडलं तर सगळ्यात आधी आमचंच नुकसान.

आणि अभ्यासक आला की पहिला प्रश्न “उचल किती?” आषाढात कुणी येत नाही. तेव्हा आई रानात भुईमूग खुरपते, वडील भजनात टाळ धरतात. तेही लिहा की.

माळावरची
दादा, कप्प्याचं तुमचं म्हणणं मी मान्य करते, मी तो विचार केला नव्हता. एकक गावच राहू दे. पण मग एकाच गावाला दोनदा जायचं, आषाढात आणि पौषात, आणि पौषातली फेरी फडापर्यंत न्यायची. एका मुक्कामात काढलेल्या नकाशाला मी तरी गावाचा नकाशा म्हणणार नाही.

बांधावरचा
दोन फेऱ्यांना हरकत नाही. पण फडावर मुकादमासमोर कोण खरं बोलेल?

फडकरी
मुकादमासमोर कुणीच नाही. संध्याकाळी चूल पेटली की आईजवळ बसा, भाकरी थापता थापता ती सगळं सांगते.