मदत हवी आहे: एमएसडब्ल्यूमध्ये ज्येष्ठांसोबतचं काम निवडतेय, फिल्डवर्क कुठे करू?

नमस्कार मंडळी. मी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) पहिल्या वर्षाला आहे. स्पेशलायझेशन निवडायची वेळ आलीय आणि माझा ओढा वृद्धांसोबतच्या कामाकडे आहे. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या एका आजींच्या घरी जात होते. आजींपेक्षा जास्त थकलेली होती त्यांची सून, आणि तिची विचारपूस कुणीच करत नव्हतं. ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

आमच्याकडे या विषयाचा एकच पेपर आहे. काट्झ यांचा १९६३ चा एडीएल निर्देशांक (माणूस रोजची स्वतःची कामं किती स्वतः करू शकतो ते मोजणारा) आणि लॉटन-ब्रॉडी यांची १९६९ ची मोजपट्टी (स्वयंपाक, खरेदी, फोन अशा कामांसाठीची) वाचली. पण अंघोळ, कपडे, जेवण यांना गुण देणं वेगळं आणि 'मला घर सोडायचं नाही' म्हणणाऱ्या आजोबांशी त्यांच्या मुलांसमोर बोलणं वेगळं. ते कुठे शिकायला मिळतं?

पुढच्या वर्षीचं फिल्डवर्क रुग्णालयात डिस्चार्जचं नियोजन करणाऱ्या टीमसोबत करू, पॅलिएटिव्ह केअरमध्ये (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेत), की डे केअर सेंटरमध्ये? मला पॅलिएटिव्ह केअर खुणावतंय, पण तिथे मृत्यू वारंवार समोर येणार. अशा वेळी सुपरव्हायझरकडे नेमका कसला आधार मागावा?

या क्षेत्रात काम केलेल्यांनी सविस्तर लिहा, प्लीज. निवड याच महिन्यात कळवायची आहे.