मदत हवी आहे: एफ कॉर्ड लागत नाही, कोणती गिटार घेऊ?

ओटीवरचा
नमस्कार. तीन महिने व्हिडिओ बघून गिटार शिकतोय. सी, ए मायनर, जी या कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) जमतात, एफ आली की गाणं तिथेच थांबतं. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकायचं, तर दोनच तारा वाजतात, बाकीच्या मुक्या. बोटांना घट्टे पडले, मनगट दुखतं. गणपतीत वाडीत आरतीनंतर कार्यक्रम असतो, त्यात वाजवीन असं सगळ्यांना सांगून बसलोय आणि २४ दिवस राहिलेत. माझी खात्री झालीय की दोष गिटारचा आहे. बजेट ८ ते १० हजार, शनिवारी चिपळूणला जातोय. कोणती घेऊ, लवकर सांगा.

सहावी तार
आत्ता कोणती आहे? बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सगळ्यात जाड तार फ्रेटच्या माथ्यापासून किती वर आहे, पट्टी लावून सांगा. त्याशिवाय काही सांगणं म्हणजे अंदाज.

रियाझ रोज
नवी गिटार घेऊन एफ येत नाही. मला ५ महिने लागले होते. बोट सपाट टाकू नका, अंगठ्याकडच्या कडेवर किंचित कलतं ठेवा, तिथे हाड लागतं. अंगठा नेकच्या (दांडीच्या) मागे मधोमध. मग १ मिनिटाचं घड्याळ लावून सी ते एफ किती वेळा बदलता येतं ते मोजा आणि रोज वहीत लिहा. आकडा वाढताना दिसला की हुरूप येतो.

बर्फातला पुणेकर
गिटार केसमध्ये ठेवता का? आम्ही कॅनडात आहोत. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा इतकी कोरडी होते की माझ्या गिटारच्या पाठीला चीर गेली. केसमध्ये छोटा ह्युमिडिफायर ठेवा, आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी.

घुमट
अहो, ते चिपळूणकडे आहेत, श्रावणात! तिथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते. त्यांना ओल शोषणाऱ्या पुड्या लागतील, तुम्ही आणखी पाणी घालायला सांगताय.

बर्फातला पुणेकर
मुद्दा आर्द्रता मोजण्याचा होता. मीटर दोन्हीकडे लागतोच.

ओटीवरचा
साधी गिटार आहे, स्टीलच्या तारा. मोजलं नाही. माझा प्रश्न कोणती घेऊ हा आहे.

घुमट
यामाहाची एफ ३१० डोळे झाकून घ्या. आमच्याकडे गोव्यात मांडो (आमची पारंपरिक गाणी) म्हणताना घुमट (मातीचं तालवाद्य), व्हायोलिन आणि गिटार असते. माझे काका अशाच साध्या गिटारवर रात्रभर साथ करायचे. पण तारा १०-४७ च्या, म्हणजे बारीक, टाका. १२-५३ च्या जाड तारा नवशिक्याला जड जातात.

सहावी तार
थांबा, आधी निदान होऊ द्या. ओटीवरचा, 'साधी' म्हणजे काय? डोक्याच्या भागात दोन लांबट खिडक्या आहेत का? तारा पिळायचे कान धातूचे की प्लास्टिकचे? आणि तीच एफची आकृती पाचव्या फ्रेटवर सोपी जाते की अवघड? पहिल्यावर अवघड आणि पाचव्यावर सोपी असेल, तर नटच्या (डोक्याजवळची तारा बसवायची पट्टी) खाचा उंच आहेत, थोड्या पैशांत काम होतं.

ओटीवरचा
दोन खिडक्या आहेत. कान पांढऱ्या प्लास्टिकचे. पाचव्यावर तर आणखी अवघड. आता मोजलं, ६ मिमी आहे. गिटार मामेभावाची, माळ्यावर पडून होती. तारा तुटलेल्या होत्या म्हणून दुकानात गिटारच्या तारा मागितल्या, त्यांनी दिल्या त्या मी चढवल्या.

सहावी तार
आज रात्रीच तारा सैल करा. सकाळपर्यंत थांबू नका.

ही क्लासिकल गिटार आहे, नायलॉनच्या तारांसाठी बांधलेली. नायलॉनचा पूर्ण संच सुमारे ४० किलोचा ताण देतो, स्टीलचा १२-५३ चा संच सत्तरच्या पुढे. बहुतेक क्लासिकल गिटारच्या नेकमध्ये लोखंडी सळई नसते आणि वरची फळी पातळ असते. म्हणजे गेले तीन महिने ब्रिज (फळीवरचा, तारा अडकवायचा ठोकळा) पुढे ओढला जातोय आणि फळी फुगतेय. ब्रिजच्या मागे पट्टी आडवी धरून उजेडात बघा, फुगवटा दिसेल. त्यात या गिटारचा नट सुमारे ५२ मिमी रुंद असतो, स्टीलवाल्या गिटारचा ४३ च्या आसपास. तुमचं बोट रुंद नेकवर आणि जवळजवळ दुप्पट ताणावर झगडत होतं. मनगट दुखेल नाही तर काय!

रियाझ रोज
हे आधी कळलं असतं तर मी सरावाचं बोललो नसतो. मनगट दुखत असताना अजिबात जोर लावू नका.

मिरजेची दांडी
आमच्या मिरजेला आणा. सतारमेकर गल्लीत पिढ्यानपिढ्या सतारी आणि तंबोरे घडवतात. लाकूड समजणारा हात लागतो याला.

सहावी तार
आदर आहे, पण सतारीचा पडदा हलवता येतो, गिटारचा फ्रेट ठोकलेला असतो. गिटारचंच काम करणारा माणूस बघावा.

मिरजेची दांडी
फुगलेली फळी बसवायला सतार काय आणि गिटार काय. लाकूड तेच.

पडद्याविना
एक वेगळा विचार. तारा उंच आहेत तर स्लाइड (तारांवरून कांडी सरकवत वाजवणं) शिका. पं. ब्रिजभूषण काबरा गिटार मांडीवर आडवी ठेवून रागसंगीत वाजवायचे, त्या पद्धतीला तारा उंचच लागतात.

ओटीवरचा
मला २४ दिवसांत आरतीनंतर दोन गाणी वाजवायची आहेत.
तारा सैल केल्या. फुगवटा आहे, पट्टी डुगडुगते. चीर दिसत नाही. गाण्यात सी, ए मायनर, एफ, जी याच कॉर्ड आहेत.

कापो काकू
मग एफ हवीच कशाला? पाचव्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि जी, ई मायनर, सी, डी वाजवा. ऐकायला तेच सी, ए मायनर, एफ, जी येतं, गाणाऱ्याची पट्टी बदलत नाही. मी शाळेतल्या मुलांना असंच शिकवते, आडवं बोट वर्षभराने. मात्र क्लासिकलचा कापो सरळ पट्टीचा मागा. स्टीलवाल्या गिटारचा किंचित वक्र असतो, सपाट नेकवर नीट बसत नाही.

रियाझ रोज
काकू, ही पळवाट झाली. निदान छोटी एफ तरी करू द्या, वरच्या चार बारीक तारांची. आडवं बोट फक्त दोन तारांवर येतं.

कापो काकू
गणपती झाल्यावर करू देत की. ज्याला २४ दिवसांनी लोकांसमोर बसायचंय त्याच्या हातात आज वाजणारं काहीतरी हवं.

ओटीवरचा
शनिवारी नवी गिटार घेतली नाही. नायलॉनच्या तारा आणि सरळ कापो आणला. दोन दिवसांत बाराव्या फ्रेटवर ५ मिमी झालंय. काकूंच्या युक्तीने पहिलं गाणं आईसमोर पूर्ण वाजवलं, मध्ये न थांबता! रियाझ रोज, छोटी एफसुद्धा दहातून चार वेळा लागते. फक्त तारा सारख्या उतरतात. आणि क्लासिकलला ४ मिमी हवं असं वाचलं, तर सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) १ मिमी घासू का?

सहावी तार
अजून घासू नका. नायलॉन पहिला आठवडाभर ताणला जातो, रोज चार-पाच वेळा सूर लावावाच लागेल. फळीही अजून खाली बसत असेल. दहा दिवसांनी पुन्हा मोजा. तेव्हाही ५ असेल, तर बाराव्या फ्रेटवर १ मिमी कमी करायला सॅडल २ मिमी घासावी लागते, आणि नेहमी खालच्या बाजूने. जुनी सॅडल तशीच ठेवून नवीन घासा.

बर्फातला पुणेकर
आणि मीटर घ्या.